एसएसडी बसवली, तरी संगणक सुरू व्हायला वेळ का लागतो?

वाचकांचे प्रश्न : संगणक

या वेळी आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच तक्रारीची आहेत. जुन्या संगणकात नवी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा साठवणारी डिस्क, बसवली, पैसे खर्च झाले, दुकानदाराने 'आता मशीन पळेल' असे सांगितले, आणि तरीही सकाळी बटण दाबल्यावर पडद्याकडे बघत बसणे काही संपले नाही. कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या अशा पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत, कारण तक्रार एकच असली तरी पाचही ठिकाणी तिचे मूळ वेगळे आहे.

उत्तरांकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला एखादी फाइल नेमकी कुठे आहे ते गाठून वाचायला सुरुवात करण्यास साधारणपणे दहा मिलिसेकंद लागतात, तर एसएसडीला त्यासाठी मिलिसेकंदाचा दहावा भागही पुरतो. विंडोज सुरू होताना डिस्कभर विखुरलेल्या हजारो लहान फाइली वाचल्या जातात, म्हणूनच एसएसडीचा फरक सर्वांत आधी तिथे दिसतो. संगणकात दुसरा काही दोष नसेल, तर बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागावा. एसएसडी असूनही एक-दीड मिनिट लागत असेल, तर तो वेळ बहुधा वाचनात जात नसतो. संगणक कशाची तरी वाट पाहत थांबलेला असतो. ती वाट कशाची आहे हे शोधणे हेच खरे काम आहे, आणि ते शोधण्याआधी फॉरमॅट मारण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : मार्केट यार्डात आमचे गुळाचे अडत दुकान आहे. सौदे आटोपले की शेतकऱ्यांच्या पट्ट्या लगेच काढाव्या लागतात आणि त्या वेळी संगणक अडून बसला की समोर माणसे खोळंबतात. संगणक सात-आठ वर्षांपूर्वीचा असून त्यात विंडोज १० आहे. हंगाम सुरू होण्याआधी २४० जीबीची एसएसडी बसवून घेतली. जुनी एक टीबीची हार्ड डिस्क मागील वर्षांच्या हिशेबासाठी आतच ठेवली आहे. डेस्कटॉप आल्यानंतर सगळी कामे झटपट होतात, परंतु बटण दाबल्यावर कंपनीचे बोधचिन्ह सव्वा ते दीड मिनिट तसेच राहते आणि त्यानंतरही काही वेळ पडदा काळा असतो. तंत्रज्ञ म्हणतात की, फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकावे लागेल. तसे करावे का?
– एक अडत व्यापारी, शाहू मार्केट यार्ड, कोल्हापूर

उत्तर : सध्या तरी करू नये. आपल्या पत्रातच त्याचे कारण आहे. डेस्कटॉप आल्यानंतर कामे झटपट होतात, याचा अर्थ एसएसडी आणि तिच्यावरचे विंडोज दोन्ही ठीक आहेत. आपला वेळ विंडोज सुरू होण्याच्या आधी, कंपनीचे बोधचिन्ह दिसत असताना जातो. बोधचिन्हाखाली गोल फिरणारे ठिपके दिसू लागेपर्यंत विंडोजचा अजून कुठेच संबंध आलेला नसतो. त्या वेळी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी संगणकाला जागे करणारी मदरबोर्डवरची मूळ प्रणाली, काम करत असते. फॉरमॅट मारल्याने विंडोज बदलेल, बायोसचे वागणे बदलणार नाही. म्हणजे दिवसभराचे काम बंद राहील, हिशेबाचा प्रोग्राम आणि प्रिंटर पुन्हा बसवावे लागतील, आणि दुसऱ्या दिवशी बोधचिन्ह तेवढाच वेळ समोर उभे राहील.

बायोस सुरुवातीला संगणकाला जोडलेल्या प्रत्येक भागाची, शाळेत घेतात तशी, हजेरी घेते. रॅम, कीबोर्ड, प्रत्येक डिस्क, यूएसबीला लावलेली उपकरणे, अशा सर्वांना एकेक करून विचारले जाते आणि प्रत्येकाच्या उत्तरासाठी ठरावीक काळ थांबले जाते. यातला एखादा भाग उशिरा उत्तर देत असेल किंवा देतच नसेल, तर बाकी सर्व तयार असूनही पुढचे काम खोळंबते. आपल्या बाबतीत माझा पहिला संशय आतच ठेवलेल्या जुन्या हार्ड डिस्कवर आहे.

प्रथम मोबाइलमधल्या घड्याळावर तीन टप्प्यांना लागणारा वेळ नोंदवून ठेवा: बोधचिन्ह किती वेळ दिसले, तेथून पासवर्डचा पडदा यायला किती वेळ लागला, आणि पासवर्ड दिल्यानंतर पहिला प्रोग्राम खरोखर उघडेपर्यंत किती वेळ गेला. हे तीन आकडे हाताशी असले की तंत्रज्ञाशी बोलताना 'मशीन स्लो आहे' एवढ्यावर थांबावे लागत नाही. विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजर उघडून 'स्टार्टअप' या भागात गेल्यास उजव्या बाजूला वर 'लास्ट बायोस टाइम' असा आकडाही दिसतो. बायोसने किती सेकंद घेतले, ते त्यावरून कळते. हा आकडा तिथे दिसतच नसेल, तर संगणक बहुधा जुन्या पद्धतीने, म्हणजे लेगसी मोडमध्ये सुरू होत आहे, असे समजावे.

त्यानंतरची परीक्षा दहा मिनिटांची आहे आणि ती आपल्या तंत्रज्ञाकडून समोर बसून करून घ्यावी. संगणक पूर्ण बंद करून मागची वायर काढावी, एकदा पॉवरचे बटण दाबून आत उरलेली वीज जाऊ द्यावी, झाकण उघडावे आणि जुन्या हार्ड डिस्कच्या दोन्ही वायरी, म्हणजे डेटाची सॅटा केबल आणि विजेची वायर, काढून संगणक फक्त एसएसडीवर सुरू करून पाहावा. येथून तीन वाटा फुटतात.

पहिली वाट अशी की, संगणक चटकन सुरू होतो. तसे झाले तर दोष जुन्या डिस्कमध्ये, तिच्या केबलमध्ये किंवा ती ज्या पोर्टला जोडली आहे त्यात आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कची प्रकृती दाखवतो. त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर्स' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर' यांच्यापुढे शून्याऐवजी वाढता आकडा दिसत असेल, तर तबकडीचे भाग खराब होऊ लागले आहेत आणि ती डिस्क प्रत्येक वाचनासाठी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आहे, असे समजावे. अशा वेळी पहिले काम संगणक वेगवान करण्याचे नसून मागील वर्षांचे हिशेब दुसऱ्या ठिकाणी उतरवून घेण्याचे आहे, आणि ते त्याच दिवशी करावे. याउलट, हे आकडे शून्य असून 'सीआरसी एरर काउंट' वाढत असेल, तर डिस्क चांगली आणि केबल वाईट, असा त्याचा अर्थ बहुतेक वेळा निघतो. नवी सॅटा केबल फार थोड्या पैशांत मिळते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहरातील ज्या दुकानांत पाणी शिरले, तेथील संगणक वाळवून पुन्हा वापरात आणले गेले असतील, तर त्यांच्या केबल आणि पोर्टच्या टोकांना गंज चढला आहे का, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. वरून केबल स्वच्छ दिसते, टोकाच्या आतल्या पट्ट्या मात्र काळपट किंवा हिरवट झालेल्या असतात.

दुसरी वाट अशी की, जुनी डिस्क काढल्यावर संगणक सुरूच होत नाही आणि काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस' निवडण्याची सूचना येते. यात घाबरण्यासारखे काही नाही. उलट कारण हाती लागले, असे समजावे. विंडोज सुरू करून देणाऱ्या फाइली सी ड्राइव्हमध्ये नसतात. त्या काहीशे एमबीच्या एका वेगळ्या, एरवी न दिसणाऱ्या भागात असतात. एसएसडी बसवताना फक्त सी ड्राइव्हचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, केला आणि तो लहान भाग जुन्या डिस्कवरच राहिला, की संगणक रोज सकाळी आधी जुन्या डिस्कला जागे करतो, तिच्या तबकडीने वेग घेण्याची वाट पाहतो, तिथून सुरुवातीच्या फाइली वाचतो आणि मग एसएसडीकडे येतो. याची खातरजमा वायरी न काढताही करता येते. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे आणि 'सिस्टम' हा शब्द कोणत्या डिस्कवरील भागाखाली लिहिला आहे ते पाहावे. तो जुन्या एक टीबीच्या डिस्कखाली असेल, तर सुरुवात तिथूनच होते आहे.

यावरचा सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे फक्त सी ड्राइव्हचा नव्हे, तर सुरुवातीच्या त्या लहान भागासह नव्याने क्लोन करणे. आपली जुनी डिस्क एक टीबीची आणि एसएसडी २४० जीबीची आहे, म्हणून हिशेबाचा डेटा असलेला भाग वगळून फक्त विंडोजशी संबंधित भाग घ्यावे लागतील; क्लोनच्या बहुतेक प्रोग्रामांत तशी निवड करता येते. मात्र, एसएसडी बसवल्यापासूनचे काम आता एसएसडीवरच्या सी ड्राइव्हमध्ये आहे, हे तंत्रज्ञाच्या लक्षात आणून द्यावे. जुन्या डिस्कवरचा सी ड्राइव्ह शिळा आहे. तो पुन्हा एसएसडीवर ओतला गेला, तर हंगामातल्या पट्ट्या पुसल्या जातील. म्हणून काहीही करण्याआधी दोन्ही डिस्कांवरील हिशेबाची प्रत बाहेरच्या एका डिस्कवर घ्यावी आणि ती उघडून खरोखर वाचता येते का, ते पाहावे. जाणकार तंत्रज्ञ असेल, तर नव्याने क्लोन न करता एसएसडीवरच तो लहान भाग तयार करून 'बीसीडीबूट' या विंडोजच्या स्वतःच्या आज्ञेने सुरुवातीच्या फाइली त्यात लिहू शकतो. आपल्या परिस्थितीत मला हाच मार्ग अधिक सुरक्षित वाटतो, कारण त्यात सी ड्राइव्हमधल्या फाइलींना हात लागत नाही.

हे काम झाल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क जोडलेली नसावी, हा नियम कटाक्षाने पाळावा. संपूर्ण डिस्कचा क्लोन झाला की काही वेळा दोन्ही डिस्कांची आतील ओळखखूण एकच असते, आणि त्या एकत्र जोडल्यास विंडोज त्यांतली एक बाजूला ठेवते किंवा सुरुवात पुन्हा जुन्या डिस्कवरून होऊ लागते. एसएसडीवरून एकट्याने व्यवस्थित सुरू होते, हे एकदा पाहिले की बायोसमध्ये जाऊन सुरुवातीच्या क्रमात एसएसडी पहिली ठेवावी आणि मग जुनी डिस्क जोडावी. जुन्या डिस्कवरील विंडोजचा भाग पुसण्याची घाई नको; हंगाम संपेपर्यंत तो तसाच राहिला, तरी काही बिघडत नाही.

तिसरी वाट, म्हणजे जुनी डिस्क काढूनही संगणक तेवढाच वेळ घेतो, ही आपल्या बाबतीत मला कमी शक्य वाटते. तसे झाल्यास प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क अशी यूएसबीची सर्व उपकरणे काढून, फक्त कीबोर्ड आणि माऊस ठेवून पाहावे, आणि एसएसडीची स्वतःची सॅटा केबल व पोर्ट बदलून पाहावे.

राहिला विंडोज नव्याने टाकण्याचा विचार. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. आपला संगणक त्यात बसतो का, हे पाहून तो निर्णय सवडीने, हंगामाबाहेर घ्यावा. आजच्या तक्रारीशी त्याची सांगड घालू नये.

प्रश्न : मी शिक्षिका असून माझ्या लॅपटॉपमध्ये मागील सुटीत एसएसडी बसवून घेतली. रात्री 'शट डाउन' करून सकाळी सुरू केल्यास लॅपटॉप दीड-दोन मिनिटे घेतो, कधी कधी गोल फिरणारे ठिपके बराच वेळ तसेच राहतात. मात्र 'रीस्टार्ट' केले की तोच लॅपटॉप वीस-पंचवीस सेकंदांत तयार होतो. एकाच यंत्राचे असे दोन तऱ्हांचे वागणे कसे?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आपण केलेली ही तुलना फार उपयोगी आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. तिचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारे लहान प्रोग्राम, ज्या स्थितीत आहेत, ती स्थिती एका मोठ्या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते आणि सकाळी ती तशीच उचलून घेतली जाते. या सोयीला 'फास्ट स्टार्टअप' म्हणतात. 'रीस्टार्ट' करताना मात्र ही सोय वापरली जात नाही. तिथे सर्व काही पहिल्यापासून सुरू होते. हार्ड डिस्कच्या काळात या सोयीचा मोठा फायदा होता. आपल्या लॅपटॉपमध्ये मात्र पहिल्यापासूनची सुरुवातच लवकर होते आहे आणि जपून ठेवलेली स्थिती उचलताना एखादा ड्रायव्हर अडकतो आहे. डिस्क बदलल्यानंतर असे होण्याचा संभव असतो, कारण डिस्कशी आणि वीजबचतीशी संबंधित ड्रायव्हर जुन्या यंत्रणेसाठी बसवलेले असतात.

कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडून डाव्या बाजूला पॉवर बटणांचे काम ठरवण्याचा दुवा आहे, त्यात जावे. सुरुवातीला खालचे पर्याय फिके दिसतात. वरच्या बाजूला 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला' या अर्थाची निळी ओळ आहे, तिच्यावर क्लिक केले की ते खुले होतात. तेथील 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढून जतन करावे आणि पुढील काही दिवस सकाळचा वेळ पाहावा. सुधारणा झाली, तर ही सोय बंदच ठेवण्यात काहीही तोटा नाही. एसएसडीवर तिने वाचणारा वेळ थोडाच असतो. त्यानंतर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचे चिपसेटचे आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर अद्ययावत करून घ्यावेत, म्हणजे मूळ दोषही जाईल.

एक सूचना आपणांसारख्या सर्व लॅपटॉपधारकांसाठी आहे. नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट झालेली असू शकते. बायोसमधील काही बदलण्याआधी किंवा क्लोन करण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर लिहून ठेवावी. ती हाती नसताना लॅपटॉपने मागितली, तर आतले सर्व काही शाबूत असूनही आपल्यालाच ते उघडता येत नाही.

प्रश्न : आमच्या कारखान्यात चार संगणक आहेत. त्यांपैकी ड्रॉइंगच्या संगणकात एनव्हीएमई (अधिक वेगवान प्रकारची) एसएसडी बसवली. सुरू करताना काळ्या पडद्यावर 'पीएक्सई' असे काहीतरी येऊन बराच वेळ जातो. नंतर पासवर्ड दिला की डेस्कटॉप येतो, पण एक-दोन मिनिटे कशावरही क्लिक केले तरी प्रतिसाद मिळत नाही. कधी कधी मात्र हा त्रास अजिबात होत नाही.
– एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : येथे वाट पाहणे दोन वेळा होते आहे आणि दोन्हींचे कारण नेटवर्कशी निगडित आहे. 'पीएक्सई' म्हणजे नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकावरून विंडोज किंवा तत्सम प्रणाली सुरू करण्याची सोय. मोठ्या संस्थांत ती वापरली जाते. आपल्याला तिचा उपयोग नाही. बायोसच्या क्रमात ती एसएसडीच्या आधी असल्यामुळे संगणक आधी नेटवर्ककडे विचारणा करतो, उत्तर येत नाही, आणि मगच एसएसडीकडे वळतो. बायोसमध्ये नेटवर्क बूट बंद करावे आणि क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला ठेवावा. त्याच वेळी एक साधी सवयही तपासावी: सीएनसी यंत्रावर प्रोग्राम नेण्यासाठी वापरलेला पेनड्राइव्ह संध्याकाळी संगणकालाच लावलेला राहतो का? यूएसबी क्रमात वर असेल, तर संगणक सकाळी त्या पेनड्राइव्हमध्येही विंडोज शोधत बसतो.

डेस्कटॉप आल्यानंतरचा खोळंबा मला अधिक बोलका वाटतो, विशेषतः तो कधी होतो आणि कधी होत नाही असे आपण लिहिल्यामुळे. ड्रॉइंगच्या फाइली सर्व्हर म्हणून वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या संगणकावर असाव्यात आणि त्यातील फोल्डर या संगणकावर 'झेड ड्राइव्ह' किंवा तशा एखाद्या अक्षराने जोडलेले असावे, असा माझा तर्क आहे. सकाळी जो आधी येतो तो आपला संगणक सुरू करतो; सर्व्हर अजून बंद असतो; आणि विंडोज त्या न सापडणाऱ्या ड्राइव्हला शोधत राहते. ज्या दिवशी सर्व्हर आधी सुरू झालेला असतो, त्या दिवशी त्रास होत नाही. आपल्याकडे हाच क्रम दिसतो का, ते चार-सहा दिवस पाहावे. तसे असल्यास सर्व्हर आधी सुरू करण्याची शिस्त लावावी, किंवा ते जोडलेले ड्राइव्ह काढून त्याऐवजी डेस्कटॉपवर त्या फोल्डरचा शॉर्टकट ठेवावा, म्हणजे क्लिक करेपर्यंत विंडोज सर्व्हरला विचारायला जाणार नाही.

हा तर्क चुकीचा निघाला, तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा विंडोजलाच विचारावे. 'इव्हेंट व्ह्यूअर' मध्ये 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', त्यात 'मायक्रोसॉफ्ट', त्यात 'विंडोज' आणि त्यात 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' असा मार्ग आहे. तेथे १०० क्रमांकाची नोंद विंडोज सुरू व्हायला लागलेला एकूण वेळ मिलिसेकंदांत देते. १०१ क्रमांकाच्या नोंदीत उशीर करणाऱ्या प्रोग्रामचे, १०२ मध्ये ड्रायव्हरचे आणि १०३ मध्ये सर्व्हिसचे, म्हणजे मागे न दिसता चालणाऱ्या प्रोग्रामचे, नाव असते. एखाद्या संगणकावर दोन अँटिव्हायरस एकाच वेळी बसवलेले असतात आणि दोघेही सुरू होताना तीच ती फाइल तपासत असतात. ते या नोंदींत लगेच उघडे पडते. याशिवाय 'सिस्टम' लॉगमध्ये १२९ क्रमांकाची, डिस्कला पुन्हा सुरू करावे लागल्याची सूचना वारंवार दिसत असेल, तर मात्र एसएसडी किंवा तिचा ड्रायव्हर यांच्याकडे संशयाने पाहायला हवे.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात शिकतो. माझ्या संगणकात विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन्ही प्रणाली आहेत. एसएसडीवर दोन्ही हलवल्यावर विंडोज लगेच सुरू होते, उबुंटू मात्र 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' असा संदेश दाखवून बरोबर दीड मिनिट थांबते.
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : दीड मिनिट हा आकडाच कारण सांगतो. उबुंटूतील सिस्टमडी ही यंत्रणा एखाद्या डिस्कच्या भागासाठी ९० सेकंद थांबते आणि मग त्याच्याविना पुढे जाते. प्रत्येक भागाला यूयूआयडी नावाची ओळख असते. एसएसडीवर हलवताना आपण स्वॅपचा, म्हणजे रॅम कमी पडल्यास वापरला जाणारा, भाग नव्याने तयार केला असणार. त्यामुळे त्याची ओळख बदलली, पण सुरुवातीला कोणते भाग जोडायचे याची यादी असलेल्या 'एफएसटॅब' या फाइलमध्ये जुनीच राहिली. टर्मिनलमध्ये 'बीएलकेआयडी' ही आज्ञा देऊन सध्याच्या ओळखी पाहाव्यात आणि 'एफएसटॅब' मधील ओळींशी ताडून पाहाव्यात. जी जुळत नाही ती दुरुस्त करावी. भाग आता अस्तित्वातच नसेल, तर त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह टाकून ती निष्क्रिय करावी. फाइल बदलण्याआधी तिची प्रत ठेवावी, कारण मूळ भागाच्या ओळीत एखादे अक्षर चुकले, तर उबुंटू सुरू होणार नाही.

त्यानंतरही सुरुवातीलाच अर्धा मिनिट उशीर राहिला, तर 'इनिट्रॅमएफएस-टूल्स' च्या फोल्डरमधील 'रिझ्यूम' या फाइलमध्येही स्वॅपची जुनी ओळख लिहिलेली असते. ती बदलून इनिट्रॅमएफएस, म्हणजे उबुंटू सुरू होताना आधी रॅममध्ये उतरणारी लहान प्रणाली, नव्याने तयार करावे. पुढे केव्हाही शंका आल्यास 'सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम' ही आज्ञा कोणत्या सेवेने किती वेळ घेतला, याची उतरत्या क्रमाने यादी देते.

प्रश्न : २०११ सालच्या माझ्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत (डिस्क बसवण्याच्या चौकटीत) एसएसडी बसवली आणि विंडोज १० तिच्यावर घेतले. फरक पडला, पण सांगितला होता तेवढा नाही. एसएसडी परत करावी का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : परत करण्याआधी जागांची अदलाबदल करून पाहावी. त्या काळातील अनेक लॅपटॉपांत डीव्हीडीचा पोर्ट मुख्य डिस्कच्या पोर्टपेक्षा कमी वेगाचा असतो आणि स्वस्त कॅडीची जोडणीही कधी कधी सैल बसते. एसएसडी मुख्य डिस्कच्या जागी आणि जुनी हार्ड डिस्क कॅडीत ठेवणे केव्हाही चांगले. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'ट्रान्सफर मोड' समोर सॅटा/६०० दिसते की सॅटा/३००, ते अदलाबदलीच्या आधी आणि नंतर पाहावे. मुख्य पोर्टही सॅटा/३०० चाच निघाला, तरी निराश होऊ नये. मोठ्या फाइलींची नक्कल निम्म्या वेगाने होईल, पण सुरू होतानाचे काम लहान फाइलींचे असल्याने तिथे फार फरक जाणवणार नाही.

दुसरी गोष्ट बायोसमध्ये पाहावी. सॅटाचा प्रकार 'आयडीई' असा जुन्या पद्धतीचा ठेवलेला असेल, तर तो 'एएचसीआय' या नव्या पद्धतीचा करायला हवा. तो थेट बदलल्यास विंडोज निळ्या पडद्यावर अडकते, म्हणून आधी विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून पुढील सुरुवात सेफ मोडमध्ये व्हावी अशी खूण करावी, मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये बदल करावा, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज सुरू होऊ द्यावे आणि शेवटी ती खूण काढून टाकावी. त्या एका सुरुवातीत विंडोज योग्य ड्रायव्हर स्वतःच निवडते. सेफ मोडमध्ये पिन चालत नाही असा अनुभव काहींना येतो, तेव्हा खात्याचा पूर्ण पासवर्ड आधी आठवून ठेवावा.